तोवरची

पिवळा रंग नखाच्या कडेतून सहजासहजी जात नाही. साबण, मग स्पिरिट, मग पुन्हा साबण. तरी अंगठ्याच्या पेरावर विडी ओढणाऱ्यासारखा एक डाग उरतोच.

निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी कुणाला काही देताना बाबाराव आधी अंगठा जिभेला लावतात. बुद्धपौर्णिमेला खिरीचा द्रोण देतानाही.

दिल्लीहून आलेल्या टीव्हीवाल्या बाईने कळंबच्या रस्त्यावर गाडी थांबवली आणि काच खाली करून विचारलं, इधर आसपास कोई मरा है क्या.

पेशीतल्या धाग्याची चार अक्षरं चौकोन करून बसतात. त्यावर आणखी चार. त्यावर आणखी चार. मधल्या पोकळीत क्षाराचा एक कण, खुंटीसारखा. अशी ती घडी.

गादी धूत नाहीत. उन्हात टाकतात, काठीने झोडतात, पुन्हा आत घेतात. माणसाचा वास आत राहतो तो राहतोच.

ज्या पेशींना औषध द्यायचं नसतं त्यांनाही काहीतरी द्यावं लागतं: औषध ज्यात विरघळवलंय तो नुसता द्रव. त्या ओळीला कंट्रोल म्हणतात. त्या ओळीकडून कुणाची कसलीच अपेक्षा नसते. ती फक्त वाढते.

हे सगळं एकाच डोक्यात होतं, आणि ते डोकं सकाळच्या उन्हात एका ऑटोच्या मागच्या सीटवर बसून घराकडे निघालं होतं. रहमत गादीवाल्याची नाहिद पुण्याच्या प्रयोगशाळेत कॅन्सरवर काम करते, हे एव्हाना यवतमाळात ऑटोवाल्यांनाही ठाऊक झालेलं. तिला घ्यायला बसस्थानकावर अब्बा आले नव्हते, गल्लीतले समोरच्या घरचे बाबारावकाका आले होते. जन्मभर एसटीत कंडक्टर असलेला माणूस, तिची बॅग त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली, रिकाम्या ऑटोत तिला दोनदा "पुढं सरक, पुढं सरक" म्हटलं, आणि दत्त चौकाच्या आधीच्या वळणावर, पावसापाण्याचं बोलावं तशा आवाजात म्हणाले, "बरं झालं व आली तू. त्या गोळ्या संपल्या बरं. लय पुरवून पुरवून घेतल्या तुया काकूनं. सुरवातीले रोज. मंग बाजाराच्या दिवशी. मंग पुनवेले तेवढी. म्या म्हनलं, खरं आलं का भरपूर घेजो. आनलं ना?"

"काय काका?"

"औषध, व. खरंवालं."

ऑटोने खड्डा घेतला. नाहिदचा हात वरच्या दांडीला गेला आणि तिथंच राहिला. तिच्या तोंडून "हं" निघालं. हे "हं" काय होतं, हे तिने नंतर बराच विचार केला तरी तिला ठरवता आलं नाही. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ होता असं ती स्वतःला सांगू शकली असती. पण काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून तिने तोंड मिटलं, आणि मिटलेलं तोंड हे पुरतं उत्तर असतं. काका आता ऑटोवाल्याशी बोलत होते. "नागपूरच्या डॉक्टरनं उन्हाळ्यातच कापाले बोलावलं होतं इच्या काकूले. दोनदा गाडीत बसवली म्या, दोनदा उतरली. म्हने नाहिदचं औषध येऊन राह्यलं, तं छातीले सुरी कायले लावू? म्या म्हनलं, बराबर हाय. घरची डॉक्टर असतांनी परायी सुरी कायले?" ऑटोवाल्याने आरशातून नाहिदकडे आदराने पाहिलं. तिच्या कानांच्या मागे ऊन लागल्यासारखं झालं. ऊन तर पुढून येत होतं.

लाज आधी कुठे लागते? नाहिदला ती कायम कानाच्या मागे लागत आली होती. शाळेत फीमाफीच्या मुलींना उभं करायचे तेव्हाही तिथंच. पण ती लाज दुसऱ्याने लावलेली असे, रागाने पुसता येई. ही आतून निघत होती, कापसाच्या गंजीत धुमसावं तशी, वरून काही दिसत नाही आणि हात घातला की कळतं. उन्हाळा ते आता थंडी. मधे अख्खा पाऊस गेला, कपाशी लाल्या रोगाने लाल झाली, दिवाळी झाली. पेशी किती वेळा दुभंगली असेल? हा हिशेब तिला क्षणात येत होता, तो तिचा रोजचा धंदाच होता, आणि तिने तो केला नाही. दुकानांच्या पाट्या वाचत बसली. फोमच्या गाद्या. फोमच्या गाद्या. एकावर एक मोफत.

मे महिन्यात जे झालं ते असं झालं. त्या वर्षांत या जिल्ह्याचं नाव देशाच्या पेपरांत एकाच कारणासाठी यायचं. गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, मंत्री यायचे, आणि लोकांना आपल्याच गावाचं नाव बाहेर सांगताना ओशाळं वाटायला लागलेलं. यवतमाळ म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणायचा, मयताच्या घरी आणतो तसा. अशात पुण्याच्या एका पेपराच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या, की यवतमाळची एक मुलगी कॅन्सरच्या पेशीतल्या एका विशिष्ट घडीवर जाऊन बसणारा रेणू तयार करते आहे. त्या चार ओळी इथे पोचेपर्यंत अर्धं पान झाल्या. माजी विद्यार्थी मंडळाचे पुंडलिकराव घरी आले, नाहिदच्या आईच्या, हुस्नाबीच्या, हातचा चहा प्यायले, आणि म्हणाले, "भाभी, या गावाले एखादी तं चांगली बातमी साजरी करू द्या." नाहिद नाही म्हणू शकली असती का? ती म्हणते, नाही. पण हेही ती कबूल करते, की नाही म्हणावंसं तिला वाटलं नव्हतं.

सभागृह भरलेलं. शाल, नारळ, हार. मागे पंख्याखाली अब्बा, नव्या टोपीत, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे. ती बोलायला उठली तेव्हा तिच्याजवळ खरे शब्द होते. रेणू होता, संशोधन होतं, प्राथमिक टप्पा होता. पण पहिल्या रांगेत कौसल्याकाकू बसल्या होत्या, पदर पुढे घेऊन, आणि नाहिदला वाटलं की हिला कळलं पाहिजे. म्हणून तिने गादी काढली. म्हणाली, माणसाच्या पेशीत एक लांब धागा असतो. पेशी दुभंगली की त्या धाग्याचं टोक झिजतं, झिजत झिजत पेशी म्हातारी होते आणि मरते. कॅन्सरची पेशी मरत नाही, कारण ती टोक पुन्हा विणून घेते. आता समजा, त्या टोकाची आपण चौकोनी घडी पाडली, आणि ती घडी उलगडू नये म्हणून वरून एक टाका घातला, माझे अब्बा गादीला घालतात तसा, दाभणाने, आरपार. मग विणायला टोकच सापडणार नाही. तो टाका म्हणजे आमचं औषध. इथे टाळी पडली. औषध हा शब्द तिने आधी कधी उच्चारला नव्हता, प्रयोगशाळेत कुणी उच्चारला तर सर डोळे वर करून पाहायचे. तिथे त्याला नुसता नंबर होता, सतरा. पण टाळी उबदार होती, कानावर उशी दाबावी तशी, आणि तिने तो शब्द आणखी एकदा घेतला. मग आणखी. शेवटी तिने पर्समधून छोटी कुपी काढून दिव्याच्या उजेडात धरली. सतरा नंबरचं द्रावण नव्हतं ते, नुसता रंग कळावा म्हणून आणलेलं त्याच जातीचं काहीतरी. पण पिवळंधमक, आणि सगळ्या सभागृहाने मान उंच करून पाहिलं.

संध्याकाळी काकू मागच्या दाराने आल्या. हुस्नाबी नमाजला बसलेली. काकूंनी नाहिदला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढलं, सत्काराचा नारळ मागितला, "तुले काय करायचा, तुमच्यात कोन खाते, मी चटनी करते," असं म्हणाल्या, आणि नारळ कमरेवर धरून, तशाच उभ्या उभ्या, म्हणाल्या की त्यांच्या छातीत गाठ आहे. कुणाला सांगितलं नव्हतं, बाबारावला तेवढं माहीत. नागपूरला दाखवलं होतं. तारीख दिली होती. "तुयं ते मले दे ना," काकू म्हणाल्या. लहान मुलीने बांगडी मागावी तसं.

आता इथे, रहमत गादीवाल्याच्या दुकानातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गिऱ्हाईक जुनी गादी पिंजायला टाकून जातं. कधी पाऊस, कधी वीज नाही, कधी हातात दहा कामं. ठरल्या दिवशी गादी होत नाही. मग रहमत गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक गादी उभी असते, निळ्या पट्ट्यांची, ठिगळं लावलेली, ती काढून देतो. तिला गल्लीत तोवरची म्हणतात. तिचे पैसे घेत नाहीत. नवी गादी घरी पोचली की त्याच दिवशी तोवरची परत येते. तिच्यावर बाळंतिणी झोपल्या, जावई झोपले, दोन म्हाताऱ्या तिच्यावर गेल्या. नाहिदचं लहानपण ती गादी आणण्यानेण्यात गेलं. आणि ती देण्याचा एक अर्थ होता, जो कुणी कुणाला सांगायचा नसे. तोवरची दिली म्हणजे खरी येणार. रहमतने तोवरची दिली आणि खरी दिली नाही, असं एकदाही झालं नव्हतं. लोक उधारीवर तेवढा विश्वास ठेवत नसत जेवढा तोवरचीवर ठेवत.

म्हणजे नाहिदच्या हाताला ही सवय रक्तातून आलेली, आणि काकू नारळ कमरेवर धरून उभ्या. हाताने पर्स उघडली. आत व्हिटॅमिनच्या गोळ्यांची पट्टी होती. हॉस्टेलच्या जेवणाने तिचं सारखं तोंड यायचं म्हणून ती घ्यायची. पट्टी अर्धी वापरलेली. कुणाला वापरलेली वस्तू काय द्यायची, म्हणून तिने उरलेल्या गोळ्या एकेक करून फोडल्या आणि पर्समध्येच पडलेल्या प्रयोगशाळेतल्या नळीत भरल्या. जाड प्लास्टिकची, बाजूला मापाच्या रेघा, निळं झाकण फिरवायचं. "तोवर हे घ्या," ती म्हणाली. अगदी अब्बांच्या आवाजात. काकूंनी नळी ब्लाउजमध्ये ठेवली. म्हणजे नेमकी तिथंच.

ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला.

अब्बा दुकानात दाभण घेऊन बसलेले, समोर उशी, फक्त उशी. "आ गई बेटा? बैठ. चाय मंगवाता." दुकान बोडकं दिसत होतं. पिंजायच्या यंत्रावर चादर टाकलेली. पूर्वी या दिवसांत रुईचा धूर असायचा दुकानात, अब्बांच्या भुवया पांढऱ्या, शिंकताना सुद्धा पांढरं उडायचं. आता लोक फोम नेतात. कापूस घराघरांत छतापर्यंत पडलेला आणि त्यावर झोपायला कुणाला कापूस नको. मागच्या भिंतीला तोवरची उभी होती. कुणाकडेच गेलेली नाही, खूप दिवसांत.

"कौसल्यासाठी आणलं?" अब्बांनी विचारलं. गल्लीत राहून राहून त्यांच्या बोलण्यात काकूंचं मराठी मिसळलेलं. "ते बाई घाबरून राह्यली होती. मी सांगतलं तिले. मी म्हनलं, भाभी, माझ्या पोरीनं तोवरचं दिलं ना? मग खलास. नागपूर-फागपूर कायले? माझ्या दुकानाची जबान आहे."

"अब्बा, तुम्ही सांगितलं?"

"तो क्या? कोन सांगनार?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "सारी जिंदगी मी गाद्या दिल्या. तू जान देऊन राह्यली. फरक है, लेकिन दुकान एकच है."

चहा आला. तिने कप ओठाला लावला आणि वाफेत डोळे मिटून घेतले. प्रयोगशाळेत ती काय करायची ते कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. एका नळीत धाग्याचा तुकडा घ्यायचा, क्षार घालायचा, घडी पडू द्यायची. मग नळी हळूहळू तापवत न्यायची आणि घडी कधी उलगडते ते बघायचं. सतरा नंबर घातला की घडी उशिरा उलगडायची. तेवढंच. त्या उशिरावर तिची चार वर्षं उभी होती. पुढे ताटलीत पेशी असायच्या, विकत आणलेल्या, कुठल्यातरी दूरदेशी केव्हाच मेलेल्या बाईच्या छातीतल्या. बाई मेली आणि त्या पेशी देशोदेशी वाढतच राहिल्या. त्या मरताना तिने पाहिल्या होत्या आणि आनंदाने जिन्यावरून धावली होती. पण ताटली म्हणजे बाई नव्हे. तिच्या नि कुठल्याही खऱ्या बाईच्या मधे उंदीर होते, वर्षं होती, नकार होते, आणि बहुतेक औषधं या रस्त्यात कुठेतरी बसून राहतात, कायमची. हे तिला मे महिन्यात ठाऊक नव्हतं का? आणि हे अब्बांना आता, या उशीसमोर, कसं सांगायचं? तिने कप ठेवला. "काकूंकडे जाऊन येते," म्हणाली. अब्बा खूश झाले. म्हणाले, "जा, जा. पहले वो काम."

गल्ली ओलांडायला अगदी थोडी पावलं लागतात. ती दुसऱ्या बाजूने, मशिदीला वळसा घालून गेली.

काकू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वाळल्या होत्या, चेहरा तोच, फक्त आत कुणीतरी मागे सरकून बसल्यासारखा. "आली व सायंटिस्टीन! शाल नाही आनली अंगावर? म्या म्हनलं, आता शाल पांघरूनच फिरत असशीन पुन्यात." शेंगांची मूठ नाहिदच्या ओच्यात टाकली. "खा. पोकळ झाली पुरी. तिथं काय रेनूच खाते का?" बाबारावकाका आतून हसले. मग काकूंनी आवाज खाली आणला. "लागू पडून राह्यलं बरं का. लघवी पिवळीधम्म होते ते घेतलं का. तू स्टेजवर दाखवलं, तोच रंग, अगदी तोच. मंग मी समजली, आत पोचलं म्हनून."

त्या गोळ्यांनी कुणाचीही होते. अंगाला नको तेवढं व्हिटॅमिन तसंच बाहेर पडतं. नाहिदला सुद्धा पुण्यात रोज होत होती. तिने हे मनात म्हटलं, शब्दशः, पाठ म्हणावं तसं.

"पाहते का?" काकू उठल्या, आतल्या खोलीचा पडदा ओढला, आणि नाहिदचा हात धरून स्वतःच्या छातीवर नेला. नाहिदने जन्मात कॅन्सरला हात लावला नव्हता. हातमोजे, ताटल्या, काचेमागून डोळा, चार वर्षं. आता बोटांखाली ती होती, घट्ट, बाजूला न सरकणारी, कातडीला आतून धरून बसलेली, आणि तिच्यावरून काकूंच्या अंगाची ऊब येत होती, साध्या माणसाची ऊब, लसणाचा वास. अब्बा जुन्या गादीतली रुई चाचपायचे, पुंजका सापडला की डोळे मिटून बोटांनी फोडायचे. हा पुंजका कुणी फोडायचा नव्हता. ही कंट्रोलची ओळ होती. हिला नुसता द्रव दिला होता आणि ती वाढली होती, आणि ओळ लावणारी नाहिद होती. तिने हात काढला नाही. हात तिथंच ठेवून बोलली. काढला असता तर बोलणं झालं नसतं.

"काकू, ते औषध नव्हतं."

"तोवरचं होतं. मले माहीत हाय ना."

"तोवरचंही नव्हतं. ताकदीच्या गोळ्या होत्या. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. माझं तोंड यायचं म्हणून मी घ्यायचे."

पडदा हलला. बाबारावकाका उभे होते, अंगठा तोंडाजवळ. "काय म्हनते हे?"

काकूंनी पदर सारखा केला. खूप सावकाश. "मंग त्या नळीत काहून देल्या?"

"पट्टी अर्धी वापरलेली होती. तशी द्यायला बरं वाटेना."

हे खरं होतं, आणि खरं असूनही इतकं क्षुद्र होतं की तिला ते परत गिळून टाकावंसं वाटलं. बाबारावकाकांच्या घशातून एक आवाज आला, हसण्यासारखा. "अर्धी वापरलेली! ऐक, ऐक कौसल्या. पोरीले लाज वाटली म्हने अर्धी पट्टी द्याची!" मग ते एकदम ओरडले, "अवं, म्या दोनदा उतरवलं हिले गाडीतून! म्या सोता! घंटी मारून!" आणि ओसरीवर जाऊन शेंगांच्या सुपाजवळ बसले, तोंड रस्त्याकडे करून.

काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. रडल्या नाहीत. नाहिदला त्यांचं रडणं हवं होतं. शिव्या चालल्या असत्या, थप्पड तर फारच बरी. "ज्याले खरं द्याचं नसते ना पोरी," काकू म्हणाल्या, "त्यानं तोवरचं देऊ नये. सरळ म्हनावं, दुकान बंद हाय. मानूस दुसरीकडं तं जाते." मग विचारलं, "आन् खरं? ते कधी होईन?"

"वेळ लागेल. दहा वर्षं. पंधरा."

"म्हंजे होईन तं."

पडद्यावर मोर होते. एकाचं डोकं शिवणीत गेलेलं. नाहिद त्या शिवणीकडे पाहत म्हणाली, "होईल."

"मंग ठीक." काकू उठल्या, खुंटीवरची चांगली साडी काढली, वास घेऊन पाहिला. "सांग व त्याईले, नागपूरची गाडी पाहाले. आन् रहमतभाऊले यातलं काही सांगजो नोको. त्याची तोवरची बदनाम होईन. म्या सांगन, औषध आनलं होतं पोरीनं, मलेच मानवलं नाही."  अब्बांना खरं सांगणं, यात एवढीच गोष्ट नाहिदच्या हातात होती, आणि तीही तिने घेऊ दिली. अब्बांच्या दुकानाची जबान एका आजारी बाईने आपल्या अंगावर घेतली आणि ती, नाहिद, शेंगांची टरफलं मुठीत धरून उभी राहिली.

नागपूरच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, कदाचित तिच्याहून लहान. त्याने तपासलं, जुना रिपोर्ट पाहिला, नवा पाहिला, पुन्हा तपासलं. आता लगेच कापून भागणार नाही, म्हणाला. आधी सलाइनमधून औषधं, गाठ आटते का पाहायचं, मग सुरी. उन्हाळ्यात आला असतात तर गोष्ट वेगळी होती. "का नाही आलात?" त्याने पेन खाली ठेवलं. खोलीत तिघं होती त्याच्यासमोर. बाबारावकाका छताच्या पंख्याकडे बघत होते. नाहिदने श्वास घेतला. वाक्य तयार होतं, मी एका संशोधन संस्थेत, तिथपर्यंत तयार होतं. काकूंनी तिच्या आधी तोंड उघडलं.

"घरात लगन होतं, साहेब."

"कुणाचं?"

"इचं," काकू म्हणाल्या, आणि नाहिदच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरने नाहिदकडे पाहिलं. थकलेला होता, तरी हसला. "अभिनंदन," म्हणाला. नाहिदच्या कानांच्या मागे ते लागलं, मानेवर उतरलं, पाठीवर काकूंचा हात होता तिथे येऊन थांबलं. "थँक यू," ती म्हणाली. इतक्या स्पष्ट आवाजात, की बाबारावकाकांनी पंख्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

सलाइन लागलं तेव्हा काकूंना गुंगी आली. नळीतून थेंब पडत होते. हे औषध सुद्धा कधीकाळी कुणाच्या तरी ताटलीत नुसता नंबर होतं, असं नाहिदच्या मनात आलं, आणि त्यातून मिळू पाहणारा दिलासा तिने बाजूला सारला. तो तिचा नव्हता. काकू डोळे मिटून पुटपुटल्या, "तुयं निंगालं का पहिलं इथंच धाडजो, ऐकते ना? दुसऱ्या बायाईसाठी." नाहिद म्हणाली, "हो काकू."

सत्काराच्या आधीच्या आठवड्यात पुण्यात नाहिदने निरोगी पेशींच्या ताटल्या तपासल्या होत्या. सतरा नंबरने त्याही तितक्याच मारल्या होत्या.